एक निवाडा, एक फर्मान

बार्सिलोनातून रोज सकाळी पर्यटकांच्या बसगाड्या उत्तरेकडे निघतात. गाऊदीची वास्तुकला पाहून झाली, फुटबॉलचे मैदान पाहून झाले, की प्रवाशांना एका दिवसात मध्ययुगीन कॅटालोनिया दाखवून आणणाऱ्या या सहली आहेत. कुणी विक आणि रिपोलला नेते, कुणी बेसालूला, कुणी जिरोनाला. दगडी पूल, अरुंद गल्ल्या, घंटाघरे आणि मठ पाहून संध्याकाळी मंडळी परततात. गावे देखणी आहेत, छायाचित्रेही सुंदर येतात. पण या वाटेवर जो इतिहास घडला तो राजवाड्यांचा नाही. इथल्या माणसांनी साक्षी दिल्या, शपथा घेतल्या, तह केले, यादीत नावे घातली, आणि त्या कागदांनी त्यांचे नशीब ठरवले.

शहर सोडून थोडे पुढे गेले की ग्रानोयेर्स लागते. सहलीची बस इथे सहसा थांबत नाही. १४८५ च्या आरंभी पेरे जोआन साला नावाच्या शेतकरी पुढाऱ्याने आपली फौज घेऊन हे गाव काबीज केले होते. मार्चमध्ये जवळच्याच येरोना गावी त्याचा पराभव झाला आणि काही दिवसांतच बार्सिलोनात त्याचा शिरच्छेद करण्यात आला. शेतकरी हा जमीनदाराच्या मालकीचा माणूस नाही, ही त्याची मागणी होती. वर्षभराने राजा फर्डिनांडने त्या मागणीचा मोठा भाग मान्य केला. पुढे सहाच वर्षांत त्याच राजाने आपल्या राज्यातल्या ज्यूंना देश सोडण्याचे फर्मान काढले. एकाच प्रदेशात, एकाच राजाच्या हातून, सहा वर्षांच्या अंतराने हे दोन्ही कसे घडले, त्याचा उलगडा या गावांतून फिरताना होतो.

त्यासाठी सातशे वर्षे मागे जावे लागते. शार्लमेनच्या फ्रँक सैन्याने ७८५ मध्ये जिरोना आणि ८०१ मध्ये बार्सिलोना मुस्लिम सत्तेकडून घेतले. पिरेनीज पर्वताच्या दक्षिणेला फ्रँक राज्याची सरहद्द तयार झाली आणि तिची राखण करायला राजाने काउंट नेमले. ८२६-२७ च्या बंडाळीनंतर विकच्या आसपासचा ओसोना हा सुपीक टापू मात्र उजाड होऊन गेला. दोन पिढ्यांनंतर तिथे वस्ती पुन्हा उभी केली ती काउंट गिफ्रेने. इतिहासात तो ‘केसाळ गिफ्रे’ म्हणून ओळखला जातो. ८७८ मध्ये फ्रँक राजाने बार्सिलोना आणि जिरोना त्याच्या हाती दिली. त्यानंतर त्याने माणसे आणून विकच्या मैदानात वसवली, बिशपची गादी पुन्हा सुरू केली आणि डोंगरात दोन मठ स्थापले. रिपोलचा मठ पुरुषांसाठी होता, आणि तेर नदीच्या वरच्या खोऱ्यातला सांत जोआनचा मठ स्त्रियांसाठी.

गिफ्रेविषयी एक आख्यायिका कॅटालोनियात घरोघरी सांगितली जाते. लढाईत तो जखमी झाला, फ्रँक राजाने त्याच्या रक्तात चार बोटे बुडवून त्याच्या सोनेरी ढालीवर ओढली, आणि त्यातून कॅटालोनियाचे चार तांबड्या पट्ट्यांचे निशाण जन्मले, अशी ती गोष्ट. ती सोळाव्या शतकात लिहिली गेली. गोष्टीतला राजा टकला चार्ल्स ८७७ मध्ये वारला आणि गिफ्रे ८९७ मध्ये लेइदाच्या मुस्लिम सरदाराशी लढताना पडला, तेव्हा तिचा मेळ बसत नाही. गिफ्रेचे खरे महत्त्व दुसरीकडे आहे. त्याच्या मृत्यूनंतर राजाच्या नेमणुकीची वाट न पाहता मुलांनी काउंटपदे वाटून घेतली. तिथून पुढे सत्ता एका घराण्यात वारशाने चालू लागली.

त्याच घराण्यातली एम्मा ही गिफ्रेची मुलगी. सांत जोआनचा मठ वडिलांनी तिच्यासाठीच काढला होता आणि ती लहान असतानाच तिला तिथे अर्पण केले होते. मोठी होऊन ती मठाची प्रमुख झाली. खोऱ्यातल्या जमिनीवर आणि लोकांच्या सेवेवर हक्क कुणाचा, मठाचा की काउंटचा, असा वाद उभा राहिला आणि समोर तिचेच भाऊ होते. ९१३ मध्ये त्याची सुनावणी झाली. खोऱ्यातल्या गावोगावचे सुमारे पाचशे स्त्री-पुरुष शपथेवर साक्ष द्यायला उभे राहिले. गिफ्रेने ही ओसाड भूमी ताब्यात घेतली, ती वसवली आणि मठाला दिली, असे त्यांनी सांगितले. निकाल एम्माच्या बाजूने लागला. मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकाला महजर ठाऊक असतात. गावकऱ्यांची नावे आणि निशाण्या खाली असलेला निवाडा कसा दिसतो हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. सांत जोआनचा कागद त्याच जातीचा आहे. खोरे साक्षीत म्हटल्याइतके ओसाड नव्हते, असे आजचे अभ्यासक मानतात. एम्माने लोकांकडून आपल्या सोयीचा भूतकाळ वदवून घेतला असेल. तरीही दहाव्या शतकातल्या पाचशे साध्या माणसांची नावे एका ठिकाणी सापडणे ही युरोपात दुर्मीळ गोष्ट आहे.

आज विकमध्ये बस थांबते ती बहुधा भव्य चौकाजवळ. तिथे मंगळवारी आणि शनिवारी बाजार भरतो. बिशपांच्या या गावात दहाव्या शतकात एक फ्रेंच तरुण शिकायला आला होता. ९६७ मध्ये काउंट बोर्रेल ओरियाकच्या मठात गेला असताना त्याने गेर्बेर नावाच्या हुशार साधूला आपल्याबरोबर आणले आणि विकचा बिशप आतो याच्या हवाली केले. इथे गेर्बेरने गणित आत्मसात केले. मुस्लिम स्पेनमधून येणाऱ्या ज्ञानाची वाट तेव्हा कॅटालोनियातून जात होती आणि रिपोलच्या मठात खगोलशास्त्राच्या, ॲस्ट्रोलेबच्या हस्तलिखितांची नक्कल होत असे. पुढे गेर्बेरने मणिचौकटीवरच्या गणनेसाठी सोंगट्या वापरल्या. त्यांवर कोरलेली नऊ चिन्हे भारतात जन्मून अरबांमार्फत पश्चिमेला पोचलेली होती. शून्य त्यांत नव्हते. ९९९ मध्ये हाच गेर्बेर दुसरा सिल्व्हेस्टर या नावाने पोप झाला.

बोर्रेलच्या कारकिर्दीतच फ्रँक राजाशी असलेले नाते तुटले. ९८५ मध्ये कॉर्डोबाच्या अल्-मन्सूरने बार्सिलोना लुटले आणि जाळले. हजारो लोक गुलाम म्हणून नेले गेले. बोर्रेलने उत्तरेकडे मदत मागितली, ती आली नाही. ९८७ मध्ये फ्रान्सच्या गादीवर नवे घराणे आले, तेव्हा बोर्रेल निष्ठेची शपथ घ्यायला गेला नाही. ज्याने रक्षण केले नाही त्याला शपथ नाही, असा त्याचा अर्थ झाला. १९८८ मध्ये कॅटालोनियाने आपल्या राजकीय जन्माची सहस्राब्दी साजरी केली ती याच घटनेला धरून.

रिपोलच्या मठात शिरताना समोर येते ते बाराव्या शतकातले दगडी प्रवेशद्वार. मोझेसचे निर्गमन, राजा डेव्हिड, सॉलोमनचा न्याय, बारा महिन्यांची शेतीची कामे, सगळे ओळींवर ओळी कोरलेले आहे. दगड झिजला आहे. १४२८ च्या भूकंपात मठाची पडझड झाली आणि १८३५ मध्ये दंगलखोरांनी तो जाळला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एलिएस रोजेंत या वास्तुकाराने तो पुन्हा उभारला. म्हणून आतले चर्च आज नवे वाटते आणि दरवाजा जुना.

या मठाचा खरा मोठा माणूस ओलिबा. गिफ्रेचा हा पणतू. काउंटपदाचा वारसा मिळालेला असताना १००२ मध्ये त्याने तो सोडला आणि रिपोलमध्ये साधू झाला. १००८ मध्ये तो मठाधिपती झाला, १०१८ च्या सुमारास विकचा बिशपही. मोन्सेर्रातच्या डोंगरावरचा प्रसिद्ध मठ त्यानेच १०२५ च्या सुमारास स्थापला. १०३२ मध्ये रिपोलच्या मोठ्या चर्चचा अभिषेक झाला. त्याच्या मृत्यूच्या वेळी, १०४६ मध्ये, रिपोलच्या ग्रंथालयात अडीचशेच्या आसपास हस्तलिखिते होती. त्या काळच्या युरोपात हा संग्रह फार मोठा होता.

पण ओलिबाची सर्वांत दूरगामी कामगिरी एका तहाची. अकराव्या शतकात गढ्यांचे मालक सरदार शिरजोर झाले होते. ते गावे लुटत, गुरे पळवत, चर्चच्या जमिनी बळकावत. त्यांना आवर घालायला काउंटची ताकद पुरेना. १०२७ मध्ये पर्पिन्याँजवळच्या तुलुजेस गावी पाद्री, सरदार आणि सामान्य लोक यांची सभा भरली. अध्यक्षस्थानी ओलिबा होता. शनिवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत कुणीही कुणावर हत्यार उचलायचे नाही, असे ठरले. निःशस्त्र माणसावर, चर्चला जाणाऱ्यावर हल्ला करणारा बहिष्कृत होणार होता. याच चळवळीत चर्चभोवतीच्या तीस पावलांची जागा संरक्षित मानली गेली. शेतकऱ्यांनी आपले धान्य आणि पेट्या तिथे आणून ठेवल्या, मग घरेही बांधली. कॅटालोनियातल्या कितीतरी गावांत आजही चर्चला खेटून घरांचे दाट कोंडाळे दिसते, त्याचा उगम या तीस पावलांत आहे.

ओलिबाचा थोरला भाऊ बर्नात तायाफेर्रो बेसालूचा काउंट होता आणि त्याची रीत निराळी होती. आपल्या छोट्या राज्याला स्वतंत्र बिशप हवा, या ध्यासाने तो रोमला गेला. बिशपच्या खर्चाला उत्पन्न हवे होते. त्यासाठी एम्माच्या मठावर, सांत जोआनवर त्याची नजर गेली. १०१७ मध्ये पोपने तिथल्या साध्वींवर व्यभिचाराचा ठपका ठेवून मठ बंद केला. तेव्हाची मठप्रमुख इन्जिलबेर्गा ही बर्नात आणि ओलिबा या दोघांची सावत्र बहीण होती. तिने उरलेले आयुष्य विकमध्ये ओलिबाच्या आश्रयाला काढले. बर्नातचा मुलगा बेसालूचा बिशप झाला खरा, पण १०२० मध्ये रोन नदी ओलांडताना बर्नात बुडाला आणि त्याच्यामागे बिशपची गादीही संपली. शतकभर आधी पाचशे माणसांच्या शपथेने राखलेला मठ एका राजकीय आरोपाने असा स्त्रियांच्या हातून गेला.

बेसालूचे स्वातंत्र्य ११११ पर्यंत टिकले. शेवटच्या काउंटला मूलबाळ नव्हते आणि विवाहाच्या करारानुसार राज्य बार्सिलोनाच्या काउंटकडे गेले. आज सहलीतले सगळे जण उभे राहतात ते फ्लुव्हिया नदीवरच्या पुलावर. त्याचा उल्लेख अकराव्या शतकापासून सापडतो. नदीतल्या खडकांचा आधार घेत पाया घातल्याने पूल मध्येच वळतो. पुरांनी तो अनेकदा मोडला आणि स्पेनच्या यादवी युद्धाच्या अखेरीस १९३९ मध्ये तो सुरुंगाने उडवला गेला. आजचा पूल त्यानंतर दुरुस्त केलेला आहे. पुलाजवळ, नदीकाठी, १९६४ मध्ये पाण्यासाठी खोदकाम चालू असताना जमिनीखाली एक दगडी खोली लागली. पायऱ्या उतरून गेले की कमानदार छत आणि खाली कुंड. तज्ज्ञांनी पाहिल्यावर कळले की हे बाराव्या शतकातले ज्यूंचे मिकवे, म्हणजे धार्मिक शुद्धीसाठीचे स्नानकुंड. शेजारी त्यांचे प्रार्थनास्थळ होते आणि ते बांधायची परवानगी राजा पहिल्या जाउमेने १२६४ मध्ये दिली होती; बार्सिलोनाचे काउंट तोवर अरागॉनचे राजेही झाले होते. पाच शतके गावाला त्याचा पत्ता नव्हता.

ज्यूंचा कायदेशीर आधार असा राजाच्या परवानगीचाच होता. ते राजाची मालमत्ता मानले जात. कर थेट राजाला देत आणि संरक्षण राजाकडून घेत. जिरोनात हे अधिक ठळक दिसते. नवव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे ज्यू कुटुंबांच्या नोंदी आहेत. कॅथेड्रलच्या पायथ्याशी, जुन्या रोमन तटाच्या आत त्यांची वस्ती होती. तेराव्या शतकात कब्बाला या ज्यू गूढविद्येच्या अभ्यासाचे ते मोठे केंद्र झाले. ११९४ मध्ये जन्मलेला मोझेस बेन नाहमन हा इथला विद्वान आणि वैद्य. जुलै १२६३ मध्ये बार्सिलोनाच्या राजवाड्यात, जाउमे राजासमोर, धर्मांतरित ज्यू पाब्लो क्रिस्तियानी याच्याशी त्याला जाहीर वाद घालावा लागला. मसीहा येऊन गेला की यायचा आहे, हा मुद्दा होता. नाहमनने मोकळेपणी बोलण्याची हमी राजाकडून आधी घेतली आणि तो खरोखर मोकळेपणी बोलला. राजाने त्याला तीनशे नाणी बक्षीस देऊन परत पाठवले. पण त्याने त्या वादाची हकिकत लिहिताच डॉमिनिकन साधूंनी ईश्वरनिंदेची तक्रार केली. सत्तरीच्या घरातला हा माणूस जिरोना सोडून पॅलेस्टाइनला गेला, तो परतला नाही. राजाच्या हमीची मुदत किती, ते त्याला कळून चुकले होते.

१३९१ मध्ये सेव्हिलहून पसरलेला दंगलींचा वणवा १० ऑगस्टला जिरोनात पोचला. वस्तीवर हल्ला झाला, माणसे मारली गेली. वाचलेल्यांना शहराच्या वरच्या टोकाच्या जिरोनेया बुरुजात महिनोन्‌महिने आश्रय घ्यावा लागला. अनेकांनी धर्म बदलला. त्यानंतर वस्ती आक्रसत गेली.

त्याच सुमारास आसपासच्या डोंगरांत दुसरा प्रश्न धुमसत होता. ओलिबाच्या तहानंतर दीडशे वर्षांत शेतकरी हळूहळू जमिनीला बांधले गेले होते. १२०२ मध्ये सेर्वेराच्या सभेने आपल्या कुळांना वाईट वागवण्याचा सरदारांचा हक्कच मान्य केला. शेत सोडायचे तर शेतकऱ्याला पैसे मोजून सुटका विकत घ्यावी लागे. मृत्युपत्र न करता मेला, निपुत्रिक मेला, घराला आग लागली, बायकोवर व्यभिचाराचा आरोप आला, तरी मालक त्याच्या मालमत्तेचा वाटा घेई. अशा सहा जाचक रूढी होत्या. १३४८ च्या प्लेगने गावे ओस पडली, हात कमी झाले, आणि उरलेल्यांना धरून ठेवण्यासाठी मालकांनी फास आवळला.

शेतकऱ्यांनी मग एम्माच्या खोऱ्यातली जुनी वाट धरली. १४४८ मध्ये राजा आल्फोन्सच्या परवानगीने गावोगाव सभा भरल्या, प्रतिनिधी निवडले गेले आणि दहा हजारांहून अधिक शेतकऱ्यांची नावे एका ग्रंथात नोंदवली गेली. तो ग्रंथ आज जिरोनाच्या नगर अभिलेखागारात आहे आणि युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत त्याचा समावेश झाला आहे. १४६२ मध्ये राजा आणि कॅटालोनियातले सरदार यांच्यात यादवी पेटली, तेव्हा फ्रान्सेस्क दे वेर्न्तायात या लहान सरदाराच्या नेतृत्वाखाली शेतकरी राजाच्या बाजूने उभे राहिले. त्या उन्हाळ्यात जिरोनाच्या तटबंद जुन्या भागात राणी जोआना आणि तिचा दहा वर्षांचा मुलगा वेढ्यात सापडले होते. ज्यूंची वस्ती त्याच तटाच्या आत होती. तो मुलगा म्हणजे फर्डिनांड.

राजा झाल्यावर फर्डिनांडने शेतकऱ्यांची निष्ठा लगेच फेडली असे नाही. १४८१ मध्ये सरदारांच्या सभेपुढे नमते घेऊन त्याने जुन्या रूढी पुन्हा मान्य केल्या. १४८४ मध्ये मिएरेस गावी ठिणगी पडली आणि साला उठला. सालाचा अंत झाला तरी बंड विझेना. शेवटी दोन्ही पक्षांनी राजाचा लवाद मानला. २१ एप्रिल १४८६ रोजी ग्वादालुपेच्या मठात फर्डिनांडने निवाडा दिला. सहाही रूढी रद्द झाल्या. एका घराने साठ सोऊ नाणी मोजली की सुटका. शेतकऱ्याला आपले सामान घेऊन जमीन सोडता येऊ लागली. वाईट वागवण्याचा हक्क संपला. जमिनीची मालकी आणि खंड सरदारांकडे राहिला, बंडाच्या पुढाऱ्यांना शिक्षाही झाल्या. पण त्यानंतर कॅटालोनियातला शेतकरी स्वतंत्र माणूस होता.

३१ मार्च १४९२ रोजी फर्मान निघाले. कॅस्टिलसाठी राजा-राणी दोघांच्या सहीने, अरागॉन आणि कॅटालोनियासाठी एकट्या फर्डिनांडच्या. ज्यूंनी जुलैअखेर बाप्तिस्मा घ्यावा किंवा निघून जावे. इथे लवाद नव्हता, सभा नव्हती, दुसरा पक्षच नव्हता. शेतकऱ्यांकडे नावांची यादी होती, वर्गणी होती, शस्त्रे होती आणि राजाला त्यांची गरज होती. ज्यूंकडे होता तो फक्त राजाचा शब्द. तोच काढून घेतल्यावर अपील करायला जागा उरली नाही. जिरोनातल्या लोकांनी आपले प्रार्थनास्थळ विकले आणि सहाशे वर्षांची वस्ती संपली. गल्ल्या भिंती घालून बंद झाल्या. त्यांच्या हिब्रू वह्यांची पाने नोटरींच्या दप्तरांच्या पुठ्ठ्यांत भरताड म्हणून गेली, आणि तिथूनच अलीकडे अभ्यासकांनी ती सोडवून काढली.

त्या फर्मानाची झळ गोव्यापर्यंत आली. स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंपैकी अनेक पोर्तुगालला गेले आणि तिथे त्यांचे सक्तीने धर्मांतर झाले. अशाच एका घरातला गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला आणि भारतीय वनौषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्याच्या इन्क्विझिशनने जाळले. १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून त्याही जाळल्या.

१४९२ चे फर्मान स्पेनने औपचारिकरीत्या रद्दबातल ठरवले ते १९६८ मध्ये. २०१५ च्या कायद्याने त्या ज्यूंच्या वंशजांना काही वर्षांपुरता नागरिकत्वाचा मार्ग खुला केला. जिरोनातल्या बंद गल्ल्या १९७० च्या दशकापासून उघडल्या गेल्या आणि जुन्या प्रार्थनास्थळाच्या जागी आज ज्यू इतिहासाचे संग्रहालय आहे.

बार्सिलोनाला जाणाऱ्या मराठी प्रवाशांची संख्या वाढते आहे. त्यांनी उत्तरेच्या या सहलीसाठी एक दिवस जरूर राखून ठेवावा. जिरोनात कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर छायाचित्र काढून लगेच बसकडे वळू नये. पायऱ्यांखालच्या फोर्सा रस्त्याने त्या संग्रहालयात जावे आणि तिथले हिब्रू अक्षरांचे थडग्यांचे दगड सावकाश पाहावेत. बेसालूत मार्गदर्शकाला मिकवेची किल्ली मागावी. कुंड नेहमी उघडे नसते.